गिटारवरच्या तीन रेघा

पिंपरी कॅम्पच्या बाजारामागच्या गल्लीत युनूसचं पॉलिशचं दुकान होतं. कपाटं, दरवाजे, रेडिओच्या पेट्या, लग्नातले पलंग असलं काम. पुढच्या अंगाला दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. युनूस मूळचा बार्शीचा. त्याची बायको ताहेरा मात्र इथलीच, माण गावची. तिचे वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत लाकडी पेट्यांना वार्निश मारायचे आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या लोकांची पॉलिशची कामं करायचे. त्यांच्याशेजारी बसून स्पिरिटमध्ये लाख विरघळवण्यापासून लाकडावर कापडाचा बोळा फिरवण्यापर्यंत सगळं ती शिकली होती. पॉलिशवाल्याच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा तिला कामातलं नवं काही शिकावं लागलं नाही.

गिऱ्हाईकांना वाटायचं सगळं युनूसच करतो. लाकूड घासणं, फटी बुजवणं, रंग चढवणं तो करायचाच. पण ज्या शेवटच्या हातानं लाकडात तोंड दिसायला लागतं, तो हात गेली काही वर्षं ताहेराचा होता. ती मागच्या खोलीत बसून करायची. कुणी ते लपवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

सत्त्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत युनूस चुलत्याच्या आजारपणासाठी बार्शीला गेला होता. ताहेरा दुकानात बसून एका देव्हाऱ्याचे खांब पुसत होती, तेवढ्यात एक बाई गोधडीच्या खोळीत गुंडाळलेलं काहीतरी कडेवर मूल घ्यावं तसं घेऊन आत आल्या.

"युनूसभाई आहेत का?"

"गावाला गेल्यात. काय काम व्हतं?"

बाईंनी खोळ सोडली. आत गिटार होती. कडेला काळसर आणि मध्याकडं येता येता मधाच्या रंगाची, आणि अशी तुकतुकीत की दारातला उजेड तिच्यावर पडून छताला लागला. फक्त खालच्या बाजूला, तारांच्या अंगाला, तीन रेघा ओढल्या होत्या. त्यातली एक चांगलीच खोल होती. तिच्यातून आतलं पांढरं लाकूड दिसत होतं.

"मी सुमन," त्या म्हणाल्या. "कंपनीत टेलिफोन ऑपरेटर आहे. आमचा ऑर्केस्ट्रा आहे कामगारांचा. पुढच्या रविवारी वर्धापनदिनाचा कार्यक्रम आहे, आणि आमच्या तबलजींनी तालमीत तबला लावायची हातोडी हिच्यावर ठेवली. ठेवली ती ठेवली, वर ती घसरली."

ताहेरानं हात पुसले आणि गिटार मांडीवर घेतली. तिरकी धरून उजेडात फिरवली. मग सुमनताईंचं बोट धरून पहिल्या रेघेवर आडवं ठेवलं.

"नख फिरवा. अडकतं का?"

"नाही."

"हिच्यावर?"

"नाही अडकत."

"आता ही तिसरी."

"हो, अडकलं."

"मंग पहिल्या दोन नुसत्या घासून जातील. त्या वरच्या वर हायत. तिसरी भरावी लागंल."

"युनूसभाई कधी येतील?"

"चार-पाच दिवसांनी. पर ते आलं तरी हे मीच करनार," ताहेरा म्हणाली. तिच्या बोलण्यात बढाई नव्हती. उद्या बाजार बंद आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं. "तुमच्या घरी आमच्या दुकानातलं काय पॉलिश केलेलं हाय का?"

"आमच्या साहेबांच्या केबिनमधलं टेबल इथलंच आहे म्हणतात."

"ते माझंच."

सुमनताईंनी तिच्या हातांकडं पाहिलं. मग बाकावर नीट टेकल्या.

"एक सांगते," त्या म्हणाल्या. "ही हवाईयन गिटार आहे. आडवी मांडीवर ठेवून वाजवतात. हिचा सगळा आवाज या वरच्या फळीतून येतो. फळीवर जाड थर बसला की आवाज दबतो. अंगभर नवं पॉलिश चढवू नका. रेघ थोडी दिसली तरी चालेल, पण आवाज जाता कामा नये."

हे ताहेराला ठाऊक नव्हतं. पलंगाला आवाज नसतो. तिनं मान हलवली.

"रेघेपुरतंच भरीन. बाकीला हात न्हाई लावनार."

मग तिनं गिटारच्या बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, काडीनं स्पिरिटचा थेंब लावला. काही झालं नाही. शेजारी थिनरचा थेंब लावला. जरा वेळानं बोट टेकवलं, तर तिथं किंचित चिकट लागलं.

"लाखेचं न्हाई. लॅकर हाय," ती म्हणाली. "मोटारीला मारतात त्या जातीचं. चांगलं हाय. नवं लॅकर जुन्यात मुरतं, सांधा राहत न्हाई."

सुमनताई निघताना दारात दोनदा थांबल्या. पण गिटार ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं आवरून ताहेरा बसली. जागा कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून वाळवली. खोल रेघेतल्या पांढऱ्या लाकडाला बारीक ब्रशनं रंग दिला आणि वाळू दिला. मग बशीत लॅकर घेतलं, ब्रशच्या टोकावर थेंब धरला आणि रेघेत सोडला.

थेंब पसरला आणि लगेच आखडला. तव्यावर पाणी शिंपडल्यावर होतं तसं त्याचे वेगवेगळे मणी झाले आणि मधली जागा कोरडीच राहिली. तिनं ते टिपून घेतलं, जागा पुसली आणि पुन्हा थेंब सोडला. पुन्हा तेच. लॅकर तिथं बसायलाच तयार नव्हतं.

ताहेरानं ब्रश खाली ठेवला. लॅकर ताजं होतं. कालच डबा फोडून तिनं ते एका फळीवर लावून बघितलं होतं, तिथं साखरेच्या पाकासारखं बसलं होतं. हवाही कोरडी होती. म्हणजे दोष गिटारच्या अंगावर होता. तिनं रेघेच्या बाजूला अंगठा घासला आणि नाकाशी धरला. कसलातरी गोडसर, मेणचट वास येत होता.

दुपारी दुकानासमोर सायकल थांबली. चाळिशीचा, खाकी कपड्यातला एक उंच माणूस आत डोकावला. फर्स्ट शिफ्ट सुटून थेट आला होता, हाताला अजून मशीनचं काळं होतं.

"मी रंगराव. तबलजी," तो म्हणाला. "हातोडीवाला मीच. म्हटलं बघून यावं काम कुठवर आलंय."

"बरं झालं आला," ताहेरा म्हणाली. "हिच्यावर तुमी काय लावलंत?"

"मी? मी काय लावणार?"

"रंगरावभाऊ, काहीतरी लावलंय. सुमनताईंनी लावलं असतं तर त्यांनी मला सांगितलं असतं."

रंगरावनं मानेवरून हात फिरवला. "आता तुम्ही विचारताच आहात तर... ताई चहा प्यायला गेल्या होत्या, तेव्हा जरा पॉलिश मारलं. साहेबांच्या ड्रायव्हरनं दिलं होतं, गाडीचं. फॉरेनचा डबा, राव! म्हटलं रेघा जातील, ताईंना कळायचंही नाही. आधी जरा गेल्यासारख्या वाटल्या, मग परत दिसायला लागल्या."

"किती येळ घासलंत?"

"जीव तोडून घासलं की!"

ताहेराला हसू आलं. आता कोडं सुटलं होतं. गाडीचं पॉलिश म्हणजे तेल आणि मेण, आणि ते या माणसानं आपल्या तबलजीच्या तळहातानं रेघेच्या तळापर्यंत पोचवलं होतं. तेलावर लॅकर कसं बसणार?

"लई खराब झालं का काम?" रंगरावनं विचारलं. त्याचा आवाज उतरला होता.

"व्हईल नीट. आता कारण कळलं ना. पर आजपास्नं हिला हात लावायचा न्हाई."

"नाही लावत. शप्पथ."

तिनं पांढरं पेट्रोल आणलं आणि स्वच्छ धुतलेल्या धोतराचे तुकडे केले. एक तुकडा ओला करून एकदाच पुसायचं आणि टाकून द्यायचा. तोच तुकडा पुन्हा फिरवला की काढलेलं तेल परत तिथंच जातं. तुकड्यांचा ढीग झाला. शेवटी वास गेला. तरी थेंब सोडल्यावर एका टोकाला तो थोडा आखडलाच.

मग तिला वडिलांच्या पेट्या आठवल्या. डेपोतल्या काही पेट्यांत ग्रीस लावलेलं सामान यायचं आणि फळ्या तेल प्यायलेल्या असायच्या. अशा फळ्यांना वडील वार्निशच्या आधी लाखेचा एक पातळ हात द्यायचे. लाख तेलाला खाली दाबून धरते आणि वरच्याला बसायला जागा देते. लाखेवर लॅकर बसतं हे तिला ठाऊक होतं.

तिनं अगदी पातळ लाख केली, पाण्यासारखी, आणि ब्रशच्या टोकानं फक्त रेघेच्या आत एकदा फिरवली. चहा करून प्यायली. मग लॅकरचा थेंब सोडला.

थेंब या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि तसाच राहिला. ताहेरा वाकून बघत होती. तो हलला नाही. तेव्हा तिनं ब्रश थिनरमध्ये बुडवला आणि मोठ्यानं स्वतःशीच म्हणाली, "बसला बया!"

त्यानंतरचे दिवस धीराचे होते. लॅकर वाळलं की आक्रसतं आणि रेघ पुन्हा थोडी खाली जाते, मग वर दुसरा थेंब द्यायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. मध्ये देव्हाऱ्याचं काम चालूच होतं. थर हळूहळू वर येत गेला. शेवटी आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर आला. तसाच यायला हवा होता, म्हणजे घासून तो बरोबरीला आणता येतो.

बुधवारी युनूस बार्शीहून परतला. पिशवी ठेवली, पाणी प्यायला आणि त्याचं लक्ष कोनाड्यातल्या गिटारकडं गेलं.

"हे काय घेतलंस?"

ताहेरानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"असल्या कामात आपन कधी पडलो न्हाई, ताहेरा. मोलाची वस्तू हाय. काय झालं तर आख्ख्या कंपनीत बोभाटा व्हईल. त्यापरीस सगळी घासू आनि वरनं एक सारखा हात देऊ. एकसारखं दिसंल, काय झाकायला नको."

"त्यांनी तेच करू नका म्हनून सांगितलंय. आवाज दबतो."

"आवाजाचं आपल्याला काय कळतं?"

"त्यांना कळतं ना. गिटार त्यांची हाय."

युनूस उठला. त्यानं गिटार उचलून खिडकीपाशी नेली. तिथं उभा राहून ती जवळ धरली, मग लांब धरली. ताहेरा बघत होती. वर्षभरापासून ती हेच बघत होती. सुईत दोरा ओवताना, डब्यावरचं नाव वाचताना तो असाच हात लांब करायचा. म्हणून तर तो सगळं घासून काढू या म्हणत होता. मोठा पृष्ठभाग त्याला हाताळता येत होता, केसाएवढी रेघ नाही. तिनं ते ओळखलं होतं आणि त्यावर ती कधी बोलली नव्हती.

युनूसनं बघणं सोडलं आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. अगदी सावकाश, एकदा इकडून आणि एकदा तिकडून.

"लाखेचा हात दिलास खाली?"

"व्हय."

"चांगलं केलंस. कधी घासनार?"

"आत्ता. उद्या त्यांची तालीम हाय, न्यायला येनार हायत."

युनूसनं अंगठ्याचं नख भरलेल्या जागेच्या टोकाला हलकेच टेकवलं. "आत्ता नको. वर सुकलंय, आत वलं हाय. आज सपाट केलंस तर चार दिवसांनी खाली बसंल. मंग रेघ परत दिसंल."

ताहेरानं स्वतः नख टेकवलं. वरून खणखणीत वाटत होतं. थोडा जोर दिल्यावर मात्र ते अगदी किंचित दबलं. तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत ठेवते."

"आनि तालीम?"

"तालीम इथं करतील."

गुरुवारी संध्याकाळी रंगराव गिटार न्यायला आला तेव्हा ताहेरानं त्याला साफ सांगितलं, "हलवायची न्हाई. सायकलवर तर न्हाईच न्हाई."

"अहो पण तालीम! ताई माझ्यावर तापतील."

"ताईंनाच घेऊन या. तुमचा डग्गा-तबला पन आना."

अर्ध्या तासात सुमनताई आल्या. चिडलेल्या नव्हत्या, पण काळजीत होत्या. ताहेरानं त्यांना रेघ दाखवली. भरलेली जागा बारीक गांडुळासारखी वर आली होती. त्यांनी बोट पुढं केलं आणि मागं घेतलं.

"ही अशीच राहणार?"

"परवा बघा. आज फकस्त इथं कोपर टेकवू नका."

दुकानाच्या ओट्यावर सतरंजी घातली. सुमनताईंनी गिटार मांडीवर आडवी घेतली, बोटांत नख्या चढवल्या, डाव्या हातात लोखंडी कांडी घेतली. रंगरावनं तबला लावला. हातोडी त्यानं काम झाल्याबरोबर खिशात घातली. सुमनताईंनी पहिली तार छेडली आणि कांडी तारेवरून सरकवली, तसा एक लांब, वळणावळणाचा सूर गल्लीत निघाला. समोरचा कापडवाला मापं घेता घेता थांबला. शेजारच्या बायका दारात आल्या. रंगराव दोन्ही हातांनी असा रंगला की कामावरून सुटलेली माणसं सायकली टेकवून उभी राहिली.

ताहेराचं लक्ष मात्र सुमनताईंच्या कोपरावर होतं.

वाजवून झाल्यावर सुमनताई म्हणाल्या, "आवाज आहे तसाच आहे. उगाच नाही म्हणत, अगदी आहे तसाच."

"मंग माझं अर्धं काम झालं," ताहेरा म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तिनं बैठक मारली. सगळ्यात बारीक वॉटर पेपर, म्हणजे ओला घासायचा पॉलिश पेपर, साबणाच्या पाण्यात भिजवला आणि लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळला. घासायचं ते फक्त वर आलेल्या भागावर. बाजूचं जुनं लॅकर पातळ होतं. दोन हात जास्त पडले तर रंग उघडा पडला असता. ती चार वेळा घासायची, पुसायची, उजेडात तिरकं बघायची, पुन्हा घासायची. युनूस शेजारी बसला होता. मध्येच ती गिटार त्याच्यापुढं करायची आणि तो अंगठा फिरवायचा.

"या टोकाला अजून उंच हाय."

ती त्या टोकाला घासायची.

"आता?"

"अजून थोडं. बास. बास, आता लागत न्हाई काही."

घासलेली जागा धुरकट, पांढरट दिसत होती. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं की सगळं बिघडलं. ताहेरानं रबिंगचं, म्हणजे चकाकी आणायचं मलम फडक्यावर घेतलं आणि गोल गोल फिरवायला लागली. उरलेल्या दोन रेघाही त्यातच घेतल्या. जोर न लावता, एका लयीत, दंड भरून येईपर्यंत. धुरकटपणा विरळ होत गेला, खालून मधाचा रंग वर आला आणि मग त्यात खिडकीचे गज दिसायला लागले. आधी वाकडे, मग सरळ. शेवटी तिनं मऊ सुती फडक्यानं सगळी गिटार एकदा पुसून घेतली.

युनूसनं अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"कुठं व्हती गं ती?"

"तुमीच सांगा."

"न्हाई सापडत," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला.

शनिवारी सुमनताई आल्या. त्यांनी गिटार दारात नेली, उन्हात धरली, तिरकी केली, उलटी केली. हातोडी कुठं घसरली होती ते त्यांना चांगलं आठवत होतं, तरी जागा सापडेना.

"ताहेराबाई, खोल रेघ नेमकी कुठं होती? एकदा बोट ठेवा."

"न्हाई दाखवनार."

"का?"

"दाखवली तर रोज तिथंच बघाल. एखाद्या दिवशी कायतरी दिसल्यासारखं वाटंल. मला ठाव हाय ती कुठं हाय, तेवढं बास."

सुमनताई मोकळ्या हसल्या. "रविवारी यायचं हं, दोघांनी. पहिल्या रांगेत बसवते."

कार्यक्रम कंपनीच्या कॉलनीतल्या मैदानात होता. मांडवात बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. स्टेजवर मोठे दिवे लावले होते. पहिल्या गाण्याला ताहेराची नजर गिटारवरून हलली नाही. दिव्याचा उजेड तिच्या अंगावरून सरकत होता आणि कुठंही अडकत नव्हता. दुसऱ्या गाण्यालाही ती तेच बघत होती. तिसरं गाणं संथ होतं. सुमनताईंनी डोळे मिटले होते, कांडी तारांवरून अशी फिरत होती की जणू कुणीतरी दुरून हाक मारतंय. ताहेरा ऐकत राहिली. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं की पूर्ण गाणंभर ती पॉलिश बघायची विसरली होती.

परत येताना दोघं रस्त्याच्या कडेनं चालत होती. रात्र झाली होती. एक बस धूळ उडवत गेली. 

"ताहेरा," तो म्हणाला, "मला ती रेघ बार्शीहून आलो त्या दिवशीपन दिसली नव्हती. हाताला लागली म्हनून कळलं."

"ठाव हाय."

"तुला ठाव हाय? कधीपास्नं?"

"मागच्या ईदच्या आदीपास्नं."

"मंग बोलली न्हाईस?"

"तुमी कधी बोलताय ते बघत व्हते."

युनूस चार पावलं चालला. मग थांबला. "डाक्टरकडं जाऊ या. चष्मा लागला तर लागला."

"उद्याच जाऊ."

"आनि असलं बारीक काम आता तुझंच. मी सांगीन गिऱ्हाईकाला."

सोमवारी दुकान उघडायला नऊ वाजले. एक म्हातारे गृहस्थ हार्मोनियम घेऊन आधीच ओट्यावर बसले होते. काल कार्यक्रमाला होते म्हणाले. पेटीच्या झाकणावर ओरखडे पडले होते, आणि त्यांना युनूसभाईंना भेटायचं होतं.

"मीच युनूस," युनूस म्हणाला. त्यानं झाकणावरून अंगठा फिरवला आणि पेटी उचलून आत आणली. "पर हे आमच्या मंडळींना दाखवावं लागंल. बसा तुमी." मग त्यानं आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "ताहेरा, भाईर ये. गिऱ्हाईक आलंय तुझं."

ताहेरा भांडी घासत होती. तिनं राखेचे हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर येऊन गिऱ्हाइकासमोर बसली.

"झाकन उजेडाकडं करा," ती त्यांना म्हणाली. "आनि आधी सांगा, हिच्यावर आजवर काय काय लावलंय?"